डोमेन नेम: निवडावे कसे, सांभाळावे कसे

इंटरनेटला जोडलेले संगणक एकमेकांना अंकी पत्त्याने ओळखतात. हा आयपी पत्ता माणसाच्या लक्षात राहणे कठीण. शिवाय संकेतस्थळ एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवले की तो बदलतो. लोकांच्या तोंडी असलेले नाव मात्र तेच राहावे लागते. हे न बदलणारे नाव म्हणजे डोमेन नेम.

सुरुवातीच्या काळात सगळी नावे आणि त्यांचे अंक यांची एकच यादी कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ठेवली जात असे आणि जाळ्यातील प्रत्येक संगणक ती उतरवून घेई. संगणक वाढले तशी ही पद्धत अपुरी पडली. 1983 मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डोमेन नेम सिस्टिम, म्हणजे डीएनएस, मांडली. तिचे तत्त्व असे की यादी एका जागी ठेवायची नाही. नावाचा प्रत्येक भाग ज्याच्या अखत्यारीत, त्यानेच त्याची नोंद सांभाळायची. 'डॉट कॉम'मधले पहिले नोंदणीकृत नाव 'सिंबॉलिक्स डॉट कॉम' हे होते. तारीख 15 मार्च 1985.

नाव वाचावे उजवीकडून

ही वाटणी नावातच दिसते. फक्त ते उजवीकडून वाचावे लागते. 'महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन' या पत्त्यात 'इन' हा भारताचा विभाग, 'जीओव्ही' हा त्यातला सरकारी कार्यालयांसाठी राखीव भाग आणि 'महाराष्ट्र' ही त्याखालची नोंद. ब्राउझरमध्ये पत्ता टाकला की शोधही याच क्रमाने होतो. आधी मूळ सर्व्हर 'इन'ची नोंद कोणाकडे आहे ते सांगतो, तिथून पुढच्या भागाचा माग लागतो आणि शेवटी अंकी पत्ता हाती येतो. मिळालेले उत्तर काही काळ साठवून ठेवले जाते. म्हणूनच सर्व्हर बदलल्यावर काहींना नवे संकेतस्थळ लगेच दिसते, तर काहींना बराच वेळ जुनेच दिसत राहते.

उजवीकडून वाचण्याची सवय फसवणुकीपासूनही वाचवते. नावाचा खरा धारक शेवटच्या विभागाला लागून असलेल्या शब्दावरून कळतो. त्याच्या डावीकडे धारक हवे ते लिहू शकतो, अगदी एखाद्या नामांकित बँकेचे नावसुद्धा. यावर उपाय म्हणून रिझर्व्ह बँकेने सहकारी बँकांसह सर्व बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत 'बँक डॉट इन' या राखीव विभागात जाण्यास सांगितले. तिथली नोंदणी फक्त हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेमार्फत होते.

शेपूट कोणते?

जगातील अशा सर्व विभागांचा समन्वय 1998 मध्ये स्थापन झालेली आयकॅन ही संस्था पाहते. 'कॉम', 'ऑर्ग', 'नेट' हे सर्वांना खुले आहेत. 'ऑर्ग' सेवाभावी संस्थांसाठी रूढ असले, तरी ते घेताना तसा पुरावा मागितला जात नाही. दोन अक्षरी विभाग देशांचे असतात: 'टीव्ही' हा तुवालूचा, 'एआय' हा अँग्विला बेटाचा. व्यवसायाला शोभतात म्हणून ते जगभर घेतले जातात. पण त्यांचे दर आणि नियम त्या त्या ठिकाणी ठरतात, हे विसरून चालत नाही.

'डॉट इन'चा कारभार 2005 पासून निक्सी, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, पाहते. 'इन' आणि 'को डॉट इन' कोणालाही मिळते. 'जीओव्ही डॉट इन' सरकारी कार्यालयांपुरते आणि 'एसी डॉट इन' शिक्षणसंस्थांपुरते मर्यादित आहे. ग्राहक मुख्यतः भारतातच असेल तर 'इन' पुरेसे ठरते. परदेशातही विक्री असेल तर 'कॉम' सोयीचे, कारण शेपूट आठवले नाही की लोक बहुधा तेच टाइप करून पाहतात. शक्य असल्यास दोन्ही घेऊन एक दुसऱ्याकडे वळवता येते.

कानाची कसोटी

चांगले नाव फोनवर एकदा ऐकून बरोबर टाइप करता येते. नियमाने एका भागात 63 अक्षरे चालतात, पण व्यवहारात दहा-बारांच्या पुढे चुका वाढतात. जोडरेघ चालते, मात्र ती दर वेळी तोंडी सांगावी लागते आणि ऐकणारा विसरतो. आकड्याचेही तसेच: 'एक' हा अंकात लिहायचा की अक्षरांत, आणि अक्षरांत असेल तर 'एक' की 'वन', हा प्रश्न उरतोच.

मराठी नावांची खरी अडचण रोमन स्पेलिंगची आहे. 'ज्ञानवर्धिनी' या नावाचे उदाहरण घेता येईल. 'ज्ञ' कोणी 'डीएनवाय' लिहितो, कोणी 'जीवाय', कोणी 'जेएन'. पुढच्या 'आ'साठी एक 'ए' की दोन? 'व'साठी 'व्ही' की 'डब्ल्यू'? शेवटच्या 'नी'ला 'आय' की 'डबल ई'? एवढ्यावरच एका नावाची 24 रूपे होतात. 'ळ' तर 'एल'मध्येच विरून जातो. काळे आणि काले रोमनमध्ये सारखेच दिसतात. त्यामुळे ज्ञ, ळ, व आणि दीर्घ स्वर कमी असलेले नाव वापरायला सोपे जाते. जुन्या दुकानाचे किंवा संस्थेचे नाव बदलणे शक्य नसेल, तर पाटीवर आणि पावतीवर पूर्वीपासून असलेले स्पेलिंगच घ्यावे आणि सर्वाधिक संभाव्य असे एखाद-दुसरे पर्यायी रूपही नोंदवून ठेवावे. रोमनमध्ये दोन शब्द मोकळी जागा न सोडता जोडले की मधेच भलताच शब्द तयार होतो का, हेही वाचून पाहणे आवश्यक असते.

देवनागरी नावाने हा घोळ मिटतो. 27 ऑगस्ट 2014 रोजी देवनागरीतील 'डॉट भारत' हा विभाग सुरू झाला; त्यात मराठी आणि कोकणीही आहेत. डीएनएसला मूळ रोमन अक्षरेच कळत असल्यामुळे अशा नावाचे आतल्या आत एका रोमन संकेतात रूपांतर होते. ब्राउझर ते सहज हाताळतात, मात्र अनेक ऑनलाइन फॉर्म आणि ईमेल यंत्रणा देवनागरी पत्ता अजूनही नाकारतात. त्यामुळे आज ते रोमन नावाच्या जोडीला घेणेच व्यवहार्य.

दुसऱ्याचे नाव

नाव मोकळे आहे याचा अर्थ ते वापरायचा हक्क आहे असा नाही. 'रेडिफ'शी मिळतेजुळते 'रॅडिफ डॉट कॉम' वापरणाऱ्यांना मुंबई उच्च न्यायालयाने 1999 मध्ये मनाई केली. डोमेन नेम हा नुसता पत्ता नसून त्याला ट्रेडमार्कसारखे संरक्षण मिळायला हवे, अशी न्यायालयाची भूमिका होती. 2004 मध्ये सत्यम इन्फोवेच्या 'सिफी' नावाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही असेच तत्त्व मान्य केले. 'इन'मधील वाद आयएनडीआरपी या नियमावलीनुसार लवादापुढे जातात. नाव पक्के करण्यापूर्वी ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर शोध घेतला तर पुढचा खर्च आणि मनस्ताप वाचतो.

नोंदणी आणि नूतनीकरण

डोमेन नेम कायमचे विकत मिळत नाही; ते एका वेळी जास्तीत जास्त 10 वर्षांच्या मुदतीने मिळते. ते देणाऱ्या मान्यताप्राप्त कंपन्यांना रजिस्ट्रार म्हणतात. पहिल्या वर्षी मोठी सवलत आणि पुढे बरेच जास्त नूतनीकरण शुल्क, अशी त्यांची पद्धत असते. म्हणून तुलना दुसऱ्या वर्षाच्या दराची करावी. संकेतस्थळ साठवण्याची जागा, म्हणजे होस्टिंग, ही वेगळी सेवा असून ती दुसरीकडून घेता येते.

नोंदणी कोणाच्या नावे आहे, हा सर्वांत कळीचा मुद्दा. संकेतस्थळ बनवणाऱ्याने ती स्वतःच्या नावे केली, तर संबंध बिघडल्यावर नाव सोडवून घेणे अवघड होते. धारक म्हणून दुकानाचे किंवा संस्थेचेच नाव हवे आणि खात्याचा पासवर्डही तिच्याकडेच हवा. संपर्काचा ईमेल त्याच डोमेनवरचा नसावा. डोमेन बंद पडले की तो ईमेलही बंद पडतो आणि मुदतीच्या सूचना पोहोचत नाहीत.

मुदत चुकण्याचा फटका मोठ्यांनाही बसतो. डिसेंबर 1999 मध्ये मायक्रोसॉफ्टकडून 'पासपोर्ट डॉट कॉम'चे नूतनीकरण राहून गेले आणि हॉटमेलच्या सेवेत अडथळा आला. एका त्रयस्थ प्रोग्रॅमरने 35 डॉलर भरून ते नाव वाचवले. 'कॉम'सारख्या विभागांत मुदत संपल्यावर रजिस्ट्रारच्या धोरणानुसार 45 दिवसांपर्यंत नूतनीकरण करता येते. त्यानंतर नाव रद्द झाले तरी 30 दिवस ते जादा शुल्क भरून परत मिळते, मग 5 दिवस गोठवले जाते आणि नंतर कोणालाही खुले होते. स्वयंचलित नूतनीकरण चालू ठेवणे आणि त्याला जोडलेल्या कार्डाची मुदत तपासणे, एवढ्याने हा धोका बव्हंशी टळतो.