भीमलचा वाख

अंबाडी कुजत घातलेल्या डबक्याजवळून जो गेला असेल, त्याला भीमल कुजतानाचा वास वेगळा सांगायला नको. जौनसारात, म्हणजे डेहराडून जिल्ह्याच्या उत्तरेला यमुना आणि टोन्स यांच्यामधल्या डोंगराळ मुलखात, ओढ्याकाठी दगडांखाली भीमलच्या काठ्या दाबून ठेवलेल्या असतात. भीमल हा आपल्या धामण-फालशाचा भाऊबंद. झाड बांधावरचं. हिवाळ्यात गवत सरलं की फांद्या छाटून गुराशेळ्यांपुढे टाकतात. पाला खाऊन झाला की काठ्या वाळवायच्या, मोळ्या बांधायच्या आणि पुढे पाण्यात घालायच्या.

किती दिवस, याचं उत्तर तिथल्या एका आजींनी बोटाने दिलं. सालीवर नख ओढलं, साल सुटली, मोळी बाहेर. लवकर काढली तर साल तुटते, उशीर झाला तर वाखच कुजतो. मग बुंध्याकडचं टोक दगडावर ठेचून, सुटलेल्या सालीत अंगठा घालून त्यांनी ओढलं, तशी शेंड्यापर्यंत अखंड पट्टी निघाली. हातात उरली पांढरी, बुळबुळीत काठी. पट्ट्या दगडावर आपटून, बुळबुळ धुऊन वळणीवर टाकल्या. वाळल्यावर त्यांची दावी वळतात. याच झाडाच्या ओल्या सालीने बाया केसही धुतात.

उघड्या काठ्यांची मात्र निवड होते. वाकड्या चुलीकडे, सरळ दिवाळीसाठी. इथल्या बऱ्याच गावांत दिवाळी महिनाभर उशिरा, आपल्या हिशेबाने कार्तिक अमावास्येला येते. तिला बुढी दिवाळी म्हणतात. रामाच्या परतण्याची बातमी डोंगरात उशिरा पोचली, असं सांगतात. मला मात्र शेतीचं कारण पटतं: देशभर दिवे लागतात तेव्हा इथे कापणी-मळणीतून मान वर करायला सवड नसते. सवड झाली की याच काठ्यांच्या मशाली पेटवून पुरुष वाजतगाजत गावाबाहेर जातात, नंतर पंचायती अंगणात नाच होतो, अक्रोड उधळले जातात. नव्या भाताचे पोहे घरोघरी कांडलेले असतात. दिवाळीचे पोहे कोकणी माणसाला अनोळखी नाहीत.

बाजारात नायलॉनची दोरी स्वस्त मिळते, आणि आजींच्या गोठ्यातही ती होती, कडब्याच्या भाऱ्याला. गाईच्या गळ्यात भीमलचंच दावं. नायलॉन का नाही, विचारलं तर म्हणाल्या, "काचतं तिला."