बातमीला मनाई

आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली सांगितले. स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओची मुभा मिळायला मात्र २००६ उजाडले. तेलंगणातील माचनूरच्या दलित स्त्रिया २००८पासून ‘संघम रेडिओ’ चालवू लागल्या. पण स्वतः मिळवलेली बातमी देण्यास अशा केंद्रांना मनाई! प्रशासनात राहूनही मला या मनाईचे समर्थन कधी सुचले नाही. पॉडकास्टला परवाना लागत नाही. स्मार्टफोन मात्र लागतो. २०१० साली छत्तीसगडमध्ये ‘सीजीनेट स्वरा’ने साध्या फोनवर वाट काढली. मिस्ड कॉल दिला की उलट फोन येई. गोंडीभाषक आपले गाऱ्हाणे नोंदवी, संबंधित अधिकाऱ्याचा क्रमांकही सांगे; ऐकणारे त्या अधिकाऱ्याला फोन करीत. अर्ज फायलीत दडपता येतो, अनोळखी लोकांचे लागोपाठचे फोन दडपता येत नाहीत, हे त्या खुर्चीत बसलेला माणूस म्हणून सांगतो.