पाहुणे आले, घरचे झाले

परदेशगमन म्हटले की आपल्याकडील मराठी घरांच्या मनात प्रवासाची एकच दिशा उभी राहते: बेळगाव, निपाणी, खानापूर वा चिकोडीचा मुलगा शिकतो, मोठ्या शहरात नोकरी धरतो आणि तेथून अमेरिकेस जातो. मात्र याच वाटेने उलट दिशेनेही माणसे आली आहेत. अमेरिकेत जन्मलेल्या काहींनी थोडक्या पैशांत जग पाहावे म्हणून घर सोडले. त्यांतील बहुतेक परत गेले. जे थोडे राहिले त्यांतील काहींनी आपल्या मराठी मुलखात संसार मांडला. परमुलखात स्वस्तात राहणे आणि परमुलखाचे होणे यांत किती अंतर आहे, हे त्यांच्या चरित्रांवरून चांगले कळते.

स्वस्त प्रवासाचा काळ

१९६० नंतरच्या दोन दशकांत युरोपातून इस्तंबूल, तेहरान, काबूल, लाहोर या खुष्कीच्या मार्गाने हजारो पाश्चात्त्य तरुण हिंदुस्थानात उतरले. पाठीवर एक पिशवी आणि खिशात मोजके डॉलर एवढाच त्यांचा सरंजाम असे. त्यांतील अनेकांचा ओढा गोव्याकडे होता. मुंबईहून बोटीने पणजी गाठता येई. रेल्वेने यायचे तर मिरजेस गाडी बदलून मीटर गेजने बेळगाव, लोंढा करीत वास्कोला जावे लागे. कळंगुट आणि हणजुणे येथील किनाऱ्यांवर त्यांच्या वसाहती झाल्या. १९७९ साली इराणात राज्यक्रांती झाली, वर्षअखेरीस अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा शिरल्या आणि हा खुष्कीचा मार्ग बंद पडला.

या प्रवासाच्या स्वस्ताईचे गणित साधे होते. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले आणि ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर एका दिवसात साडेसात रुपयांचा झाला. आज तो ऐंशी रुपयांहूनही वर आहे. अमेरिकेत काटकसरीने जगणारा माणूस येथे येताच सधन ठरतो. यात त्याचे कर्तृत्व काही नाही, ती विनिमयदराची कृपा आहे. खोलीचे भाडे, खानावळीतील ताट आणि रिक्षाचे पैसे त्याला कमी वाटतात, कारण ते घेणाऱ्याची कमाई कमी असते. स्वस्ताईची ही दुसरी बाजू निपाणीकरांना सांगावी लागत नाही. तेथील तंबाखूच्या वखारींत राबणाऱ्या स्त्रियांनी संघटना बांधून मजुरीसाठी लढा दिला आणि त्यावर युगांतर या गटाने १९८२ साली ‘तंबाकू चाकिला ऊब आली’ हा बोलपट काढला. तत्पूर्वी १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी पुणे–बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले होते आणि पोलिसांच्या गोळीबारात काहींना प्राण गमवावे लागले. स्वस्त वस्तूची किंमत कोणीतरी कोठेतरी मोजतच असतो.

मिलोच्या पैशांतून मराठी

दुष्काळी वर्षांत रेशनच्या दुकानातून आलेला लाल गहू आणि मिलो आपल्याकडील वडीलधाऱ्यांना आठवत असतील. अमेरिकेच्या १९५४ च्या पी. एल. ४८० या कायद्यान्वये धान्य भारताला रुपयांत विकले जाई. ते रुपये येथेच साठत, आणि त्यांतील काही भाग अमेरिकन विद्वानांच्या भारतातील अभ्यासावर खर्च होई. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज ही संस्था १९६१ साली स्थापन झाली, तिच्या शिष्यवृत्त्यांना याच रुपयांचा आधार होता. आपण रांगेत उभे राहून विकत घेतलेल्या धान्याच्या पैशांतून परदेशी विद्यार्थी आपल्या देशाचा व भाषांचा अभ्यास करीत होते, असा हा योग!

राहिलेल्या तिघी

या मुलखात राहिलेल्यांत सर्वांत आधीची एलिझाबेथ लुंडी. विष्णु निंबकर यांच्याशी विवाह करून त्या १९३० साली हिंदुस्थानात आल्या आणि कमला निंबकर झाल्या. व्यवसायोपचार या शास्त्राची देशातील पहिली शाळा १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात सुरू झाली, ती त्यांच्या खटपटीने. अपंगांना हातापायांचा उपयोग पुन्हा शिकविणारे हे शास्त्र येथे आणले ते सून म्हणून आलेल्या या बाईंनी.

दुसऱ्या मॅक्सीन बर्नसन. १९६१ साली त्या हैदराबादेस शिकवावयास आल्या, पुढे फलटणच्या बोलीचा अभ्यास करण्यासाठी त्या गावी गेल्या आणि तेथेच राहिल्या. जाई निंबकर यांच्या सहकार्याने त्यांनी परक्यांसाठी मराठीचे व्याकरण आणि कोश तयार केला. १९७८ साली त्यांनी भारतीय नागरिकत्व घेतले. दलित वस्तीतील मुलांना अक्षरे का येत नाहीत, हा प्रश्न त्यांना छळू लागला. त्यातून प्रगत शिक्षण संस्था आणि १९८६ साली कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा उभी राहिली. मुलांच्या त्या ‘मॅक्सीनमावशी’ झाल्या.

तिसऱ्या गेल ऑम्वेट. जन्म २ ऑगस्ट १९४१, मिनिआपोलिसचा. १९६३ साली त्या प्रथम भारतात आल्या. पुढे महात्मा फुले आणि ब्राह्मणेतर चळवळ या विषयावर त्यांनी प्रबंध लिहिला व १९७३ साली बर्कलेच्या विद्यापीठाची पदवी मिळविली. १९७६ साली भारत पाटणकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि सांगली जिल्ह्यातील कासेगाव हे त्यांचे गाव झाले. स्वातंत्र्यसैनिक इंदुताई पाटणकर त्यांच्या सासूबाई. हे कासेगाव महामार्गावरच आहे, तेथून कोल्हापूर, कागल ओलांडले की निपाणी लागते. १९८३ साली त्यांनी अमेरिकन नागरिकत्व सोडून भारतीय नागरिकत्व स्वीकारले. दुष्काळग्रस्त, परित्यक्ता स्त्रिया आणि शेतकरी यांच्या चळवळींत त्या वावरल्या. २५ ऑगस्ट २०२१ रोजी कासेगावीच त्यांचे देहावसान झाले.

ज्या काळात आपली मुले अमेरिकन पासपोर्टासाठी वर्षानुवर्षे वाट पाहत होती, त्याच काळात दोन विदुषींनी तो पासपोर्ट परत केला, याचा अर्थ प्रत्येकाने आपापल्या परीने लावावा.

कायद्याची चौकट

आज कोणी अमेरिकन आपल्या भागात राहावयास आला, किंवा आपल्याच मुलाने अमेरिकन वधू घरी आणली, तर काही गोष्टी ठाऊक असाव्यात. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. भारतीयाशी झालेला विवाह नोंदविलेला असून दोन वर्षे टिकला असेल, तर परकीय जोडीदाराला ‘ओसीआय’ कार्डासाठी अर्ज करता येतो. त्यावर येथे दीर्घकाळ राहता येते, परंतु मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. पर्यटकाच्या परवान्यावर नोकरी करण्यास मनाई आहे. परदेशी पाहुणा मुक्कामास उतरवून घेणाऱ्याने त्याची वर्दी चोवीस तासांच्या आत अधिकाऱ्यांना द्यावी लागते.

अमेरिकन नागरिक जगात कोठेही राहो, त्याच्या मिळकतीचे विवरण त्याच्या सरकारला द्यावेच लागते, कामातून मिळालेल्या परदेशी उत्पन्नावर ठरावीक मर्यादेपर्यंत सूट असली तरीही. निवृत्तिवेतन येथे मिळते, परंतु वृद्धांसाठी असलेला तेथील मेडिकेअरचा आरोग्यविमा सहसा देशाबाहेर चालत नाही. म्हणून केवळ स्वस्त म्हणून येथे राहावयास येणाऱ्या वयस्कर माणसाने आधी दवाखान्याच्या खर्चाचा विचार करावा.

आपल्यासाठी यात काय?

१ नोव्हेंबर १९५६ पासून आपण मराठी बोलणारे दुसऱ्या राज्यात राहतो. बेळगावच्या बाजारपेठेत मराठी, कन्नड, कोकणी, उर्दू एकमेकींना खेटून नांदतात, आणि येथे राहणाऱ्याने शेजाऱ्याची भाषा शिकणे हे सौजन्यच आहे. मात्र आपल्या घरांतील पुष्कळ मुले आता मराठी समजतात, वाचू मात्र शकत नाहीत. आजीचे पत्र त्यांना दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागते. ‘मराठीचा उपयोग काय?’ असा प्रश्न ती विचारतात आणि आपण निरुत्तर होतो.

उपयोग पाहूनच भाषा निवडायची तर वर सांगितलेल्या तिघींना मराठीची काहीच गरज नव्हती. इंग्रजी त्यांची मातृभाषा होती आणि जगाची दारे त्यांना उघडी होती. तरीही ज्यांच्यामध्ये राहावयाचे त्यांची भाषा आल्यावाचून आपण तेथे पाहुणेच राहतो, हे त्यांनी ओळखले. तिकडे परदेशी गेलेल्या आपल्या मंडळींनी १९८१ साली उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापले आणि आज तेथील अनेक गावांत सुटीच्या दिवशी मराठी शाळा भरतात. जे दूर गेले त्यांना भाषेची किंमत कळली, आपण तर तिच्या उंबरठ्यावर बसलो आहोत.

या सुटीत अमेरिकेहून नातवंडे आली, तर त्यांना गोव्याचा किनारा आणि गोकाकचा धबधबा जरूर दाखवावा. त्याबरोबर रोज संध्याकाळी अर्धा तास बाराखडीला द्यावा, आणि शेजारच्या मुलांनाही सोबत बसवावे. या शिक्षणास व्हिसा लागत नाही आणि खर्च होतो तो एका पाटीचा.