शीव मोजणारी पोरं

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातल्या एका गावात आज वर्ग जंगलात भरलाय. पुढे दोन म्हातारे, मागे जीपीएस यंत्र घेतलेली बारावीनंतर घरी बसलेली मुलगी आणि वहीवाला पोरगा. सामूहिक वनहक्काच्या दाव्यासाठी गावाची शीव मोजायची आहे. नजरी नकाशा वनहक्क कायद्याला चालतो. पण मोजलेला नकाशा जोडला की दावा अडवणं कठीण जातं. याच तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर हक्क मिळाला, हे इथल्या लहान पोरांनाही ठाऊक आहे.

म्हातारे थांबतात ते नाल्याच्या वळणावर, जुन्या ऐनाच्या झाडापाशी. झाडाखाली यंत्र पंधरा मीटरची चूक दाखवतं. मुलगी चार पावलं उघड्यावर सरकते, हात स्थिर धरून वाट बघते. आकडा पाचवर आला की बटण दाबते. वहीत बिंदूचा क्रमांक, झाड, पलीकडचं गाव, सगळं उतरतं. त्या पलीकडच्या गावचे दोघेही सोबत आहेत. वाद व्हायचा तर तो इथंच, नाल्यावर मिटावा म्हणून.

संध्याकाळी समाजमंदिरात प्रशिक्षकांचा लॅपटॉप उघडतो. क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर मोफत आहे, कुणाची परवानगी लागत नाही. पोरगा बिंदू जोडतो आणि शीव मधेच पीळ पडल्यासारखी स्वतःलाच ओलांडते. कुणी उत्तर सांगत नाही. तो वही काढतो, बोट ठेवून एकेक ओळ तपासतो: दोन बिंदूंचा क्रम उलटा लागलाय. मग क्षेत्रफळ काढण्याआधी यूटीएम या नकाशा-प्रणालीतला झोन 44 निवडायचा, नाहीतर हेक्टरचा हिशोब चुकेल. मुलगी बांबूची राखण करायची जागा वेगळ्या रंगात भरते, नावं देवनागरीत लिहिते. गोंडीत चर्चा सुरू होते. एक आजी पडद्याजवळ येऊन मोहाची झाडं कुठं दाखवली, म्हणून विचारते. दाखवलेली नव्हती. लगेच नवा थर उघडतो.

शाळेने नापास ठरवलेल्या पोरांना अक्षांश-रेखांश, प्रमाण, क्षेत्रफळ हे सगळं येतं, कारण ते स्वतःच्या जंगलाबद्दल आहे. असं शिक्षण परीक्षेत धरलं गेलं पाहिजे, असं मला ठामपणे वाटतं. राज्यात 1989 पासून मुक्त विद्यापीठ आहे. अशा कामाला श्रेयांक देण्याची जागा तिथंच आहे.

त्याआधीची गरज मात्र साधी आहे. सॉफ्टवेअर फुकट असलं तरी लॅपटॉप प्रशिक्षकांबरोबर परत जातो. पुढच्या हंगामात बांबूतोडीचा आराखडा करायचाय, तेव्हा एक लॅपटॉप ग्रामसभेच्या मालकीचा हवा, असा ठराव त्या मुलीनेच मांडलाय.