सोनीला लस द्यायची का?

लालबागच्या ज्या चाळीत मी राहतो तेथे माणसांच्या खोल्या ठरलेल्या आहेत, मांजरांच्या नाहीत. सकाळी कोळीण पाटी घेऊन जिना चढू लागली, की सगळ्या मजल्यांवरची मांजरे गॅलरीत येऊन बसतात. दुपारी त्यांतले एखादे पत्र्यावर असते, एखादे माळ्यावर, तर एखादे थेट पलीकडच्या चाळीत. मांजर एका घरचे आणि हिंडणे साऱ्या वाडीत, असा हा संसार!

आमच्या शेजारी नववीत शिकणारा एक मुलगा आहे. त्याच्या घरी बाळू नावाचा दोन वर्षांचा बोका होता. रात्रभर भटकावे, इतर बोक्यांशी भांडावे आणि पहाटे कान फाडून घेऊन घरी यावे, हा बाळूचा शिरस्ता. गेल्या पावसाळ्यात तो वाळू लागला. खाणे सुटले, अंगात बारीक ताप राहू लागला आणि हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या पडल्या. परळच्या एका पशुवैद्यांनी त्याचे रक्त तपासले, प्रयोगशाळेतून खात्री करून घेतली आणि सांगितले, की याला मांजरांचा ल्युकेमिया करणाऱ्या विषाणूची बाधा झाली आहे. दिवाळीपूर्वीच बाळू गेला.

मागे राहिली सोनी. ती जेमतेम तीन महिन्यांची. जिन्याखाली सापडलेले हे पिल्लू बाळूच्याच ताटलीत जेवत असे आणि बाळू तिला मायेने चाटत असे. मुलगा माझ्याकडे येऊन म्हणाला, "काका, या रोगाची लस असते म्हणे. सोनीला द्यायची का? आई म्हणते, पैसे मोजकेच आहेत, काय ते एकदा नीट ठरव."

मी पदार्थविज्ञान शिकवतो, पशुवैद्य नव्हे. पण 'नीट ठरवणे' ही गोष्ट सर्वच शास्त्रांना समान आहे. तेव्हा आम्ही दोघे कागद-पेन्सिल घेऊन बसलो, आणि जे पशुवैद्यांना विचारायचे ते त्यांना विचारून आलो. त्यातून काय निघाले ते आता पाहू.

प्रथम शत्रूची ओळख करून घेऊ. इ. स. १९६४ मध्ये ग्लासगो येथील पशुवैद्यक शास्त्रज्ञ विल्यम जॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा विषाणू शोधून काढला. एकाच घरातील अनेक मांजरांना एकाच प्रकारचा कर्करोग झालेला पाहून त्यांना शंका आली होती, की हा रोग एकाकडून दुसऱ्याकडे जात असावा. हा विषाणू साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही. त्याचा व्यास सुमारे १०० नॅनोमीटर; म्हणजे १०,००० विषाणू एका ओळीत मांडले तर कोठे १ मिलिमीटर भरेल. आपल्याला दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर असते. तरंगलांबीपेक्षा इतकी लहान वस्तू त्या प्रकाशाने स्पष्ट पाहता येत नाही. त्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकच हवा.

हा विषाणू रेट्रोव्हायरस या गटातला आहे. त्याची आनुवंशिक माहिती आरएनए या रेणूत असते. मांजराच्या पेशीत शिरल्यावर तो तिची डीएनए प्रत तयार करतो आणि ती प्रत पेशीच्या स्वतःच्या डीएनएमध्ये घुसवून देतो. एखाद्याने आपले नाव दुसऱ्याच्या शिधापत्रिकेत लिहून टाकावे, तसाच हा प्रकार! मग ती पेशी विभागली, की विषाणूची प्रतही तिच्याबरोबर वाढते. अस्थिमज्जा म्हणजे रक्तपेशी तयार होण्याची जागा. तेथे हा विषाणू ठाण मांडून बसला, की तांबड्या पेशी कमी पडतात, रोगाशी लढण्याची शक्ती क्षीण होते आणि काही मांजरांना कर्करोग होतो. बाळूच्या पांढऱ्या हिरड्यांचे कारण हेच.

परंतु विषाणू अंगात शिरला म्हणजे मरण आले, असे मात्र नाही. काही मांजरे त्याला पूर्णपणे परतवून लावतात. काहींच्या शरीरात तो दडून राहतो, पण डोके वर काढत नाही. उरलेल्यांच्या रक्तात तो वाढतच राहतो. अशी मांजरे बहुधा काही वर्षांत दगावतात आणि तोवर लाळेतून इतरांना रोग देत राहतात. मांजर जितके लहान, तितका धोका अधिक. म्हणूनच प्रश्न बाळूपेक्षा सोनीच्या बाबतीत जास्त नाजूक होता.

हा रोग पसरतो तो मुख्यतः लाळेतून. एकमेकांना चाटणे, एका ताटलीत जेवणे आणि चावे हे त्याचे रस्ते. शिवाय आईकडून तो पिलांना मिळतो. माणसाला मात्र हा रोग होत नाही, हे लक्षात ठेवा. विषाणूभोवती चरबीचे नाजूक आवरण असते. ते कोरडे पडले किंवा त्याला साबण लागला, की विषाणू निकामी होतो. त्यामुळे शरीराबाहेर तो फार काळ टिकत नाही. सोनीची ताटली साबणाने धुऊन वेगळी करणे, हा बिनपैशांचा पहिला उपाय ठरला.

येथे नावांचा एक घोटाळा सोडवला पाहिजे. मांजरांना 'तिहेरी लस' देतात, हे तुम्ही ऐकले असेल. तीत पॅनल्युकोपेनिया या रोगाविरुद्धची लस असते. पॅनल्युकोपेनिया आणि ल्युकेमिया ही नावे सारखी वाटतात, पण रोग निराळे. पहिल्यात श्वेतपेशी एकाएकी घटतात, तर 'ल्युकेमिया' या शब्दाचा अर्थ श्वेतपेशींची बेसुमार वाढ असा आहे. पॅनल्युकोपेनियाच्या विषाणूला चरबीचे आवरणच नसते. म्हणून तो चिवट असतो, महिनोन् महिने जमिनीवर टिकतो आणि आपल्या चपलांबरोबरही घरात येऊ शकतो. त्या तिहेरी लसीने ल्युकेमियापासून संरक्षण मिळत नाही. "आमच्या मांजराला सगळ्या लशी दिल्या आहेत" असे कुणी म्हटले, तर "कोणकोणत्या?" असे अवश्य विचारा.

आता लस. ल्युकेमियाच्या विषाणूविरुद्धची पहिली लस अमेरिकेत १९८५ मध्ये वापरात आली. पिलाला साधारण आठ आठवड्यांनंतर पहिला डोस, तीन-चार आठवड्यांनी दुसरा, एका वर्षाने पुन्हा एक आणि पुढे धोका असेल त्याप्रमाणे, असा तिचा सर्वसाधारण क्रम असतो. ती शंभर टक्के संरक्षण देत नाही. आणि ज्याला बाधा झालेलीच आहे, त्याला तिचा उपयोग नाही. म्हणून लशीपूर्वी रक्ताची तपासणी आवश्यक.

लस उपयोगी आहे की नाही, हे शास्त्रज्ञ कसे ठरवतात? याचे एक जुने उदाहरण आपल्या मुंबईतच घडले आहे. १८९६ मध्ये शहरात प्लेग शिरला. वाल्देमार हाफकीन यांनी ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील एका लहानशा प्रयोगशाळेत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. नंतर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग पसरला, तेव्हा तेथील ज्या कैद्यांनी आपणहून लस घेतली, त्यांची तुलना त्यांनी न घेणाऱ्यांशी केली. लस घेतलेल्यांत रोग आणि मृत्यू कमी आढळले. हाफकीन यांची प्रयोगशाळा पुढे परळला गेली आणि १९२५ पासून त्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. त्याच परळला जनावरांचे बाई साकरबाई रुग्णालय आहे आणि १८८६ मध्ये सुरू झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालयही. तुलना करावी, ती मोजून करावी, हा धडा आमच्या चाळीपासून चालत जाण्याच्या अंतरावर शिकवला गेला आहे!

तोच धडा आम्ही कागदावर गिरवला. पुढचे आकडे हिशेबासाठी धरलेले आहेत, हे विसरू नका. समजा, इतर मांजरांत मिसळणाऱ्या १,००० पिलांपैकी वर्षभरात ३० जणांना हा रोग जडतो, आणि लस पाचांपैकी चौघांना वाचवते. मग लशीमुळे २४ पिले वाचली. आता तोटा पाहू. टोचल्या जागी गाठ येऊन तिचा कर्करोग होणे, हा मांजरांतील लशींचा दुर्मिळ पण खरा दुष्परिणाम आहे. त्याचे प्रमाण दहा हजारांमागे एखाद-दोन असे सांगतात. म्हणजे हजारामागे ०.१ किंवा ०.२. इकडे २४, तिकडे ०.२. पारडे कोठे झुकते ते उघड आहे.

आता दुसरे मांजर घ्या. आमच्या चाळीसमोर, जुन्या गिरणीच्या जागी एक उंच मनोरा उभा आहे. त्याच्या तिसाव्या मजल्यावर एक मोठे मांजर खिडकीत बसलेले दिसते. ते कधी खाली उतरत नाही आणि दुसऱ्या मांजराचे तोंडही पाहत नाही. अशा १,००० मांजरांत वर्षाला एखाद्यालाही हा रोग होणार नाही. तेथे लशीचा फायदा जवळजवळ शून्य. लस तीच, रस्ता तोच, पण उत्तरे दोन! म्हणून 'लस चांगली की वाईट' हा प्रश्नच अपुरा आहे. 'या मांजराला, या जागी, धोका किती?' हा खरा प्रश्न. अनेक देशांतील पशुवैद्यांच्या संस्थाही असेच सांगतात: पिलांना पहिल्या वर्षी द्यावी, आणि मोठ्या मांजरांच्या बाबतीत धोका पाहून ठरवावे.

तपासणीच्या बाबतीतही एक गंमत आहे. ही तपासणी रक्तातील विषाणूचे प्रथिन शोधते. समजा, १,००० मांजरांपैकी २० खरोखर बाधित आहेत. तपासणी त्यांतील १९ पकडते, आणि उरलेल्या ९८० निरोगी मांजरांपैकी सुमारे २० जणांना चुकून बाधित ठरवते. म्हणजे एकूण ३९ मांजरे 'बाधित' निघाली, पण खरी त्यांतली १९ च, निम्मीसुद्धा नाहीत! उलट 'निरोगी' ठरलेल्या ९६१ मध्ये चूक एकच. म्हणून एका तपासणीत बाधित ठरलेल्या, पण धडधाकट दिसणाऱ्या मांजराला कधीही टाकून देऊ नका. दुसऱ्या पद्धतीने खात्री करून घ्या. आणि ज्याचा बाधित मांजराशी नुकताच संबंध आला आहे, ते निरोगी ठरले तरी काही आठवड्यांनी पुन्हा तपासा, कारण बाधा रक्तात दिसायला वेळ लागतो.

सोनीची पहिली तपासणी निरोगी निघाली. सहा आठवड्यांनी दुसरी केली, तीही निरोगी! त्या दिवशी मुलाने चाळभर पेढे वाटले.

मग पैशांचा हिशेब केला. पहिला मान रेबीजच्या लशीचा. रेबीजची लक्षणे दिसू लागली, की माणूस असो वा मांजर, वाचणे जवळजवळ अशक्य. आणि हा रोग माणसालाही होतो. (मित्रांनो, मांजराने किंवा कुत्र्याने चावले वा ओरखडले, तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी रुग्णालयात जा. घरी मार बसेल म्हणून लपवू नका.) दुसरा मान तिहेरी लशीचा. तिसरी नसबंदी, कारण तिने भटकणे आणि भांडणे कमी होतात. लाळेचा आणि चाव्यांचा रस्ताच अरुंद होतो. चौथी ल्युकेमियाची लस. सोनी लहान आहे आणि गॅलरीतून बाहेर पडणारच, म्हणून ती द्यायची असे ठरले. मात्र ही लस प्रत्येक दवाखान्यात ठेवलेली नसते. मुलाने पशुवैद्यांकडे नाव नोंदवले आहे. तोवर सोनीची ताटली वेगळी, आणि रात्री दार बंद. खिडकीला त्याच्या वडिलांनी जाळीही बसवली आहे.

तुमच्या घरी मांजर असेल तर एक प्रयोग करा. एका वहीत आठवडाभर नोंद ठेवा: ते दिवसातून किती वेळा बाहेर जाते, किती मांजरांना भेटते, कोणाच्या ताटलीत तोंड घालते, अंगावर चाव्याच्या खुणा किती. ही वही घेऊन पशुवैद्यांकडे जा. "लस द्यायची का?" या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या वहीत असेल.

बाळूची अशी वही कोणी ठेवली नव्हती. सोनीची आहे. मुलाने तिच्यावर पुठ्ठ्याचे वेष्टन घालून नावही घातले आहे: 'सोनी, इयत्ता पहिली'.