डोंगरची मोटारसायकल, दर्याचा वारा

आंब्याचा हंगाम आटोपला, काजूबीचे पैसे हाती आले, की मालवण, देवगड, वेंगुर्ल्याकडच्या अनेक घरांत एक बोलणे हटकून निघते. घरचा मुलगा म्हणतो, "बाबा, यंदा नवी मोटारसायकल घेऊया." कोणती, असे विचारले की तो मोबाइलवर चित्र दाखवतो. उंच बांध्याची गाडी, पुढचे चाक मोठे, मडगार्ड चोचीसारखे पुढे आलेले, दोन्ही अंगांना पेट्या आणि मागे बर्फाचे डोंगर. वडील काही बोलण्याआधी पडवीत बसलेली आजी विचारते, "झिला, गाडी घे बाबा, पण ती ठेवतलंस खंय?"

आजीचा हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्या किनाऱ्यावर अशी गाडी किती वर्षे धडधाकट राहील, हे पुष्कळसे त्याच्या उत्तरावर ठरते. दोन-तीन लाखांचा व्यवहार करण्याआधी सगळ्या घराने मिळून विचार करावा, म्हणून चार गोष्टी येथे देत आहोत.

ही गाडी आली कोठून?

या जातीच्या गाडीला 'ॲडव्हेंचर' मोटारसायकल म्हणतात. डांबरी रस्ता असो की कच्ची वाट, दोन्हींवर चालावी आणि सामान बांधून लांबचा पल्ला गाठता यावा, हा तिचा हेतू. जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीने १९८० साली 'आर ८० जी/एस' ही या धर्तीची गाडी बाजारात आणली आणि पुढच्याच वर्षी या गाडीने पॅरिस ते डाकार ही वाळवंटातली अवघड शर्यत जिंकली. तेव्हापासून या प्रकाराचे नाव जगभर झाले.

आपल्याकडे त्या काळी असे वेगळे नाव नव्हते, पण काम होते. राजदूत, येझदी आणि बुलेट या गाड्यांनी खेड्यापाड्यांतल्या वाटा कितीतरी आधी तुडवल्या आहेत. खास या धर्तीची गाडी म्हणून हीरो कंपनीने २०११ साली १५० सीसीची 'इम्पल्स' आणली, पण ती फार काळ चालली नाही. मार्च २०१६ मध्ये रॉयल एनफिल्डची ४११ सीसीची 'हिमालयन' आली आणि तरुणांचे लक्ष या प्रकाराकडे वळले. २०१९ मध्ये हीरोची 'एक्सपल्स २००' आली. जानेवारी २०२० मध्ये 'केटीएम ३९० ॲडव्हेंचर' आली, जी आपल्याच पुणे जिल्ह्यात चाकणला बजाजच्या कारखान्यात बनते. पुढे नोव्हेंबर २०२३ मध्ये हिमालयनचा ४५२ सीसीचा, पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाचा नवा अवतार निघाला आणि जुनी ४११ बंद झाली.

या गाडीची हौस म्हणजे निव्वळ चैन, असे मात्र समजू नये. आपल्या जिल्ह्यातून देशावर जायचे तर आंबोली, फोंडा, करूळ, भुईबावडा यांपैकी एखादा घाट चढावा लागतो. वाडीतल्या कलमांकडे जाणारी पाणंद जांभ्याच्या उंचवट्यांची असते आणि पावसाळ्यात तिचा ओहोळ होतो. हिमालयन काय किंवा एक्सपल्स काय, त्यांच्या इंजिनाचे पोट जमिनीपासून निदान २२० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ पाऊण फूट उंच असते. पुढचे चाक २१ इंचांचे असल्याने खड्ड्यात ते सहजी अडकत नाही. तेव्हा गाडीचा उपयोग आहेच. आपल्याकडे ती टिकेल कशी, याचा विचार तेवढा करायला हवा.

मीठ काय करते?

जून २०२० मध्ये घडलेली एक गोष्ट आपण किनाऱ्यावरच्या लोकांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. रॉयल एनफिल्ड कंपनीने ब्रिटन, युरोप आणि दक्षिण कोरिया येथे विकलेल्या हिमालयन, इंटरसेप्टर आणि कॉन्टिनेंटल जीटी या तीन जातींच्या सुमारे १५,२०० गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या. त्या देशांत हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून मीठ पसरतात. ते मीठ दीर्घकाळ लागत राहिल्याने ब्रेकच्या कॅलिपरला, म्हणजे चकतीला दोन्ही बाजूंनी दाबून धरणाऱ्या भागाला, गंज चढू शकतो, असे आढळले होते.

आपल्याकडच्या गाड्यांत तोच दोष आहे, असा याचा अर्थ नव्हे. पण मीठ काय करू शकते, हे त्यावरून कळते. तिकडे मीठ थंडीच्या काही महिन्यांपुरते असते. देवबाग, तारकर्ली, आचरा, निवती या गावांत ते बारा महिने वाऱ्याबरोबर येते आणि त्यात चार महिन्यांचा पाऊस भर घालतो.

मीठ हवेतला ओलावा धरून ठेवते. गाडी कोरडी दिसली तरी खिळ्यांच्या खाचांत, स्पोकच्या मुळाशी आणि वेल्डिंगच्या टाक्यांवर खारट ओल राहते. रंगाचा बारीकसा टवका उडाला की तेथून गंज आत शिरतो. गव्हावर तांबेरा पसरावा तसा तो रंगाखालून पसरत जातो आणि वर फोड दिसेपर्यंत आतला पत्रा बराचसा खाल्लेला असतो. ॲल्युमिनियमच्या भागात लोखंडी बोल्ट असेल तर तेथे निराळाच प्रकार होतो. खाऱ्या ओलीत दोन धातू एकत्र आले की ॲल्युमिनियम झिजते, पांढरी भुकटी धरते आणि बोल्ट असा काही बसतो, की काढताना तुटून हातात येतो.

बांधणीची परीक्षा कशी करावी?

दुकानात गाडी झगझगीत दिसते. आपण मात्र खाली बसून पाहावे. सांगाड्याच्या जोडांवरचे टाके सलग आहेत का? रंग कोपऱ्यांतही सारखा बसला आहे का? सायलेन्सरचा वाकलेला नळा, स्टँड, मागचे कॅरिअर, हँडलचे बोल्ट आणि स्पोक नीट न्याहाळावेत. तारांचे जोड उघड्यावर लोंबत आहेत की रबरी टोपणात बंद आहेत, तेही बघावे.

याहून चांगली परीक्षा गावातच होते. त्याच जातीची, किनाऱ्यालगत दोन-तीन पावसाळे काढलेली एखादी गाडी शोधावी आणि मालकाच्या परवानगीने तिची खालची बाजू पाहावी. तिचे स्पोक तांबूस झाले असतील, दिव्याच्या काचेत पाणी साठत असेल, बोल्टांची डोकी खाल्लेली असतील, तर आपल्या गाडीचे उद्या काय होणार ते आजच कळते. बैल घेताना आपण दात पाहतो, चालवून पाहतो, तसेच हे आहे.

अगदी नव्या मॉडेलची घाईही करू नये. हिमालयनच्या सुरुवातीच्या गाड्यांबद्दल वाहनविषयक नियतकालिकांतून तक्रारी छापून आल्या होत्या. पुढे २०१७ मध्ये इंधन-इंजेक्शनची सुधारित गाडी आली. वर्षभर थांबल्याने पुष्कळदा पैसे आणि मनस्ताप दोन्ही वाचतात. शिवाय सर्व्हिसचे केंद्र घरापासून किती लांब आहे, क्लच-केबल आणि ब्रेक-पॅडसारखे सुटे भाग किती दिवसांत मिळतात, आणि गंजावर हमी मिळते की नाही, हे प्रश्न पैसे भरण्यापूर्वीच विचारावेत.

किमतीचे गणितही समजून घ्यावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवर १८ टक्के जीएसटी झाला आणि त्यावरच्या गाड्यांवर ४० टक्के. म्हणजे २०० सीसीची गाडी आणि साडेचारशे सीसीची गाडी यांच्या किमतीतले अंतर केवळ इंजिनाचे नाही, कराचेही आहे. नोंदणी आणि विमा यांचा खर्च वेगळा.

जोडसामान: काय घ्यावे, काय टाळावे

गाडीपाठोपाठ जोडसामानाची यादी येते आणि सगळे एकदम बसवायचा मोह होतो. त्यात खरोखर गरजेचे थोडेच असते. इंजिनाखाली जाड पत्रा हवा. जांभ्याच्या वाटेवर उडणारा दगड तो झेलतो. पडल्यावर इंजिन वाचवणारा गार्ड हवा. लांबच्या प्रवासासाठी पंक्चरचे सामान आणि हवा भरायचा लहान पंप हवा, कारण या जातीच्या पुष्कळ गाड्यांना स्पोकची चाके आणि आत ट्यूब असते, आणि घाटात पंक्चरवाला मिळेलच असे नाही.

गार्ड किंवा पेट्यांचा सांगाडा घेताना मूळ गाडीपेक्षाही बारकाईने पाहावे. स्वस्त लोखंडी गार्डवरचा रंग कोपऱ्यांत आणि बोल्टाखाली आधी सुटतो आणि एका पावसाळ्यात गंजाचे ओघळ गाडीवर उतरतात. बसवताना प्रत्येक बोल्टाला ग्रीस लावून घ्यावे. पेट्यांत किती वजन चालते हे पुस्तिकेत दिलेले असते. त्यापलीकडे नारळ भरले तर गाडीचे पुढचे टोक हलके होते आणि वळणावर हँडल थरथरते.

जादा दिव्यांची हौस सर्वांत महाग पडू शकते. मूळ तारा कापून दिवे जोडले की तो जोड खाऱ्या हवेत काळा पडतो आणि मग भर पावसात गाडी बंद पडते. शिवाय कंपनी हमी नाकारू शकते. दिवे घ्यायचेच तर वेगळा फ्यूज आणि रिले घालून, तारा न कापता बसवावेत. आंबोलीच्या धुक्यात मंद पिवळा दिवा उपयोगी पडतो. समोरच्याचे डोळे दिपवणारा पांढरा झोत कोणाच्याच कामाचा नाही. सायलेन्सर बदलून आवाज करण्याचा नाद तर मुळीच नको. कायद्यालाही ते मान्य नाही.

मागे बसणाऱ्यांचा विचार

या गाड्यांची बैठक पावणेतीन फुटांच्या आसपास उंच असते आणि मोठ्या गाडीचे वजन दोन क्विंटलच्या घरात जाते. मुलाचे पाय टेकतात, पण तीच गाडी वडिलांना बाजारात न्यायची असेल तर त्यांनीही बसून, ढकलून पाहावी. आईला मागे चढता-उतरता येते का, तेही दुकानातच कळू द्यावे.

आणखी एक गोष्ट. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२३ प्रमाणे मागे बसणाऱ्यासाठी धरायला आधार, पाय ठेवायला जागा आणि मागचे चाक निदान अर्धे झाकणारे संरक्षण असावे लागते. यालाच आपण साडीगार्ड म्हणतो. पेट्यांचा सांगाडा बसवताना हा गार्ड काढून टाकतात आणि तो पुन्हा लावायचे राहून जाते. साडीचा पदर चाकात गेला तर काय होते, हे सांगायला नकोच. ज्या सामानापायी साडीगार्ड काढावा लागतो, ते सामान घेऊ नये. आणि यादीत पहिले नाव आयएसआय छापाच्या हेल्मेटचे असावे. तेही एक नव्हे, दोन.

आजीच्या प्रश्नाचे उत्तर

आता गाडी ठेवायची कोठे? गोठ्यात नको. शेणमुताच्या वाफेत अमोनिया असतो आणि तो तारांच्या तांब्या-पितळेला खातो. युरिया, पोटॅश यांच्या पोत्यांशेजारीही नको. भाताच्या कणगीजवळ ठेवाल तर उंदीर तारा कुरतडतील. पडवीचा समुद्राकडे पाठ असलेला, वारा खेळता असलेला कोपरा सर्वांत बरा. ओल्या गाडीवर प्लॅस्टिकची ताडपत्री घट्ट बांधणे म्हणजे तिला गंजाच्या तोंडी देणे होय. आधी कोरडी करावी, मग हवा खेळेल असे सुती आच्छादन घालावे.

आठवड्यातून एकदा, आणि किनाऱ्यावरून फिरून आल्यास त्याच दिवशी, विहिरीच्या गोड्या पाण्याने गाडी धुवावी. पाण्याचा जोरदार फवारा बेअरिंगांवर आणि तारांच्या जोडांवर मारू नये. साखळीला दर ५०० किलोमीटरला तेल द्यावे. लाल धुळीच्या दिवसांत हवेची गाळणी वरचेवर पाहावी. मृगाआधी आणि दिवाळीत ब्रेकचे कॅलिपर उघडून साफ करून घ्यावेत. पावसाळ्याआधी गाडीच्या पोटाला डिझेल मारण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. डिझेलने रबर खराब होते आणि ते ब्रेकच्या चकतीवर गेले तर जिवावर बेतते. त्यापेक्षा गंजरोधक फवारा परवडला.

आणि पुळणीवर गाडी घालण्याचा मोह आवरावा. एका फेरीत जेवढे खारे पाणी आणि वाळू बेअरिंगांत जाते, तेवढे वर्षभराच्या वाऱ्याने जात नाही. शिवाय वायंगणी, तांबळडेग यांसारख्या किनाऱ्यांवर समुद्री कासवे अंडी घालतात. त्यांच्या घरट्यांवरून चाक जाणे बरे नव्हे.

एवढे सगळे करायची तयारी असेल, पडवीचा कोपरा मोकळा असेल, आणि गाडीच्या किमतीखेरीज टायर, साखळी व सर्व्हिससाठी थोडी रक्कम बाजूला ठेवता येत असेल, तर मुलाच्या हौसेला वडिलांनी खुशाल होकार द्यावा. नीट राखलेली गाडी अनेक हंगाम साथ देईल. तयारी नसेल तर आणखी एक हंगाम थांबावे. कलम लावताना आपण आधी खड्डा खणतो, मगच रोप आणतो. गाडीच्या बाबतीतही आधी जागा करावी.