उसाच्या घरी बाजरीची खिचडी



या पानावर आम्ही एरवी बेणे, खते आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी लिहितो. यावेळी चुलीवरच्या पातेल्याविषयी लिहीत आहोत. उसाचे क्षेत्र वाढत गेले तसा घरखर्चाच्या धान्याचा तुकडा आक्रसत गेला, हे आपण सारेच पाहतो. ज्यांच्या रानात पूर्वी बाजरी, मूग, मटकी आपसूक पिकत होती, ते आज उसाच्या बिलातून सोसायटी वजा जाता राहिलेल्या पैशातून हीच कडधान्ये किराणा दुकानातून पावशेर-अर्धा किलो आणतात. हात आखडला की पहिली काटछाट त्यातच होते. परिणाम ताटात दिसतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातील निम्म्याहून अधिक महिलांच्या अंगात रक्त कमी आढळले. यात बागायती गावे सुटली, असे कुणी समजू नये.

बाजरी आणि मूग यांची जोडी आपल्या जुन्या बायकांनी उगाच जमवलेली नाही. १०० ग्रॅम बाजरीत सुमारे ११ ग्रॅम प्रथिने असतात, मुगात त्याच्या दुप्पट. बाजरीच्या प्रथिनात लायसिन हा घटक कमी पडतो, तो मुगात भरपूर असतो. मुगात मेथिओनिन कमी, ते बाजरीत बरे असते. म्हणजे एकाची उणीव दुसरा भरून काढतो. शिवाय बाजरीत लोह चांगले आहे. बाजरीत तेलाचा अंश जास्त, म्हणून तिचे पीठ आठवड्याभरात कडवट लागू लागते. खिचडीसाठी दाणा आयत्या वेळी कांडला जातो, तेव्हा ती अडचण येत नाही.

पाच-सहा माणसांच्या घराला बाजरी तीन वाट्या, अख्खे मूग एक वाटी, शेंगदाणे अर्धी वाटी, लसणाच्या दहा-बारा पाकळ्या, चार हिरव्या मिरच्या, जिरे, मोहरी, हिंग, हळद, मीठ आणि तेल एवढे घ्यावे. मूग रात्री भिजत घालावेत. बाजरी निवडून तिच्यावर पाण्याचा हबका मारावा आणि अर्धा-पाऊण तास फडक्याखाली झाकून ठेवावी. मग उखळात हलक्या हाताने कांडावी. उखळ नसेल तर मिक्सर थांबत थांबत दोन-तीन वेळा फिरवला तरी भागते. दाण्याचे दोन-तीन तुकडे व्हावेत, पीठ होऊ देऊ नये. सुपात पाखडून सुटा झालेला कोंडा तेवढा काढावा. फार पांढरी करण्याच्या नादात कस निघून जातो.

पातेल्यात फोडणी करून लसूण लाल झाला की मिरच्या, शेंगदाणे, हळद घालावी. धान्याच्या चौपट गरम पाणी ओतावे. आधण आले की बाजरी, मूग व मीठ घालून जाळ कमी करावा. बाजरी बुडाला धरते, म्हणून अधूनमधून तळापासून हलवावे, आटली तर गरम पाणीच घालावे. पाऊण तासात दाणा बोटाने दाबला जाईल इतका शिजतो. कुकरमध्ये पाणी थोडे कमी घेऊन पाच-सहा शिट्ट्या कराव्यात. वाढताना तूप, सोबत कढी, कांदा आणि लिंबाची फोड. लिंबाने धान्यातील लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा घेतला तर ते वाया जाते, तेवढी सवय मोडावी. थंडीत रात्रीची वीज आल्यावर दारं धरायला जाणाऱ्या गड्याला ही खिचडी सकाळपर्यंत धीर देते.

आता हिशेब पाहू. आठवड्यातून दोनदा खिचडी केली तर वर्षाला सुमारे ५० किलो बाजरी आणि १६-१७ किलो मूग लागतात. एवढे पिकवायला ऊस मोडावा लागत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत सुरू ऊस लावताना सरीच्या बगलेला मुगाची एक ओळ टोकावी. ६५ ते ७० दिवसांत शेंगा येतात, मोठ्या बांधणीआधी रान मोकळे होते. शेंगा तोडून पाला सरीत गाडावा. मुगाच्या मुळांवरील गाठींनी हवेतील नत्र धरलेले असते, त्याचा लाभ उसालाच होतो. बाजरीसाठी खोडवा मोडलेल्या रानात जूनमध्ये पाच-दहा गुंठे पेरावेत. २०१२ साली आपल्या राज्यासाठी प्रसारित झालेला ‘धनशक्ती’ हा वाण लोहाने अधिक सकस असून अडीच महिन्यांत निघतो. ऑक्टोबरच्या पूर्वहंगामी लागणीला रान वेळेवर तयार मिळते.

उसाचे टनेज वाढावे, ही तर आमची नोकरीच आहे. पण टनेज वाढवणारी माणसे घरात धडधाकट राहिली पाहिजेत. यंदा लागणीची नोंद देताना मुगाच्या ओळीचे तेवढे गटातील चिटबॉयला सांगून ठेवा. टोकणीच्या वेळी अंतर दाखवायला आम्ही बांधावर येऊ. आणि बेत एकदा कारभारणीबरोबर ठरवा. कांडायला मात्र हात दोघांचेही लागू द्या.